गोव्यातल्या शाळेत मूल घालताना: सुरक्षिततेची चौकशी, तक्रारीची वाट आणि घराला मिळणारा आधार

सावंतवाडी, बेळगाव, चंदगड, कोल्हापूर या भागांतून कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी गोव्यात येतात आणि वेर्णा, कुंडई, थिवी, वास्को अशा ठिकाणी भाड्याने राहतात. मुलाची शाळा ठरवताना माध्यम, फी, अंतर आणि बालरथ (सरकारी मदतीने चालणारी शाळेची बस) मिळतो का, एवढी चौकशी होते. मूल रोजचे पाच-सहा तास कोणाच्या भरवशावर असेल, हे सहसा विचारले जात नाही. गाव नवा, शेजार नवा, वर्गात कोकणी कानावर पडते आणि कार्यालयांतला कागद बहुधा इंग्रजीत असतो. अशात काही विपरीत घडले, तर फोन कोणाला करायचा हे शोधण्यातच पहिला दिवस जातो. नेमका तोच दिवस सर्वांत मोलाचा असतो.

कायद्यांची उणीव नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा, बाल न्याय कायदा २०१५ चा. गोव्याने तर पोक्सोच्या नऊ वर्षे आधी, २००३ मध्ये, स्वतःचा बाल कायदा केला. त्यामुळे मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी इथे बाल न्यायालय आहे. हे कायदे हलतात ते मात्र ठरावीक माणसांमुळे. ती माणसे कोण, हे गरज पडण्याआधी माहीत करून घ्यायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. प्रवेशाआधी चार नावे लिहून घ्या

शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांना सरळ विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

पहिले नाव खुद्द मुख्याध्यापकांचे, कारण कायद्याने शेवटची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर येते. दुसरे नाव मुलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या शिक्षकाचे किंवा शिक्षिकेचे. तिसरे समुपदेशकाचे. चौथे बालरथ किंवा शाळेची बस सांभाळणाऱ्याचे. प्रत्येक नावासमोर फोन नंबर हवा. समुपदेशकाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारा: शाळेत कोणत्या वारी येतात? एकेका समुपदेशकाकडे एकाहून अधिक शाळा असू शकतात, त्यामुळे "आमच्याकडे समुपदेशक आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. वार कळला पाहिजे, आणि मुलाने वर्गशिक्षकाची परवानगी न मागता तिथे कसे जायचे, हेही कळले पाहिजे.

यानंतर तीन गोष्टी विचारा.

बाल संरक्षणाचे लेखी धोरण आहे का? २०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांशी संबंधित संस्थांनी मुलांवरच्या हिंसेला अजिबात थारा नसल्याचे धोरण राबवावे, अशी अपेक्षा आहे. धोरण असेल तर प्रत मागा, निदान वाचायला तरी मागा.

पोलीस पडताळणी कोणाकोणाची झाली आहे? शिक्षकांची झाली असे उत्तर आले तर पुढे विचारा: बसचालक, बसमधली मदतनीस, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, क्रीडा प्रशिक्षक, संगणकाचे कंत्राटी शिक्षक, स्नेहसंमेलनासाठी महिनाभर येणारे नृत्यशिक्षक? पडताळणीतून निसटतात ती बाहेरून थोड्या दिवसांसाठी येणारी माणसे, आणि मुलांच्या अगदी जवळ काम करतात तीही हीच.

मुलाने तक्रार केली तर शाळा काय करते? "आम्ही आधी आमच्या पातळीवर चौकशी करतो" या उत्तराने सावध व्हा. कारण पाचव्या पायरीत आहे. "आमच्याकडे असे काही होतच नाही" हे उत्तर त्याहून वाईट. ज्या शाळेला काही घडू शकते असे वाटतच नाही, तिने तयारीही केलेली नसते.

इथे एक घोळ नेहमी होतो. बऱ्याच शाळांत अंतर्गत समितीचा फलक लावलेला असतो आणि पालकांना वाटते की मुलांच्या तक्रारीची जागा हीच. ती समिती कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ होऊ नये यासाठी केलेल्या २०१३ च्या कायद्याखालची असते. ती शिक्षिका आणि महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचा निवाडा करायचा अधिकार तिला नाही.

२. शाळा सुटतानाच्या वेळी एक फेरी मारा

प्रवेशाच्या दिवशी सगळे झाडूनपुसून ठेवलेले असते. शाळा सुटण्याच्या अर्धा तास आधी जा आणि फाटकाशी उभे राहा. मुले कोणाच्या ताब्यात दिली जातात? कोणीही येऊन "मी मामा" म्हणाला तर मूल सोडतात का? लहान वर्गांसाठी ओळखपत्र किंवा नोंदवही आहे का?

मग आत पाहा. मुलगे आणि मुली यांची स्वच्छतागृहे वेगळी हवीत, मोठ्या माणसांची त्याहून वेगळी, आणि आतली कडी चालू हवी. तिथे जाणारी वाट वर्गातून किंवा व्हरांड्यातून दिसावी. इमारतीच्या मागच्या बाजूला, एका टोकाला असलेली स्वच्छतागृहे धोक्याची. जिन्याचा वळसा, प्रयोगशाळेची कोठी, रंगमंचामागची खोली, गच्ची या जागा वापरात नसताना कुलूपबंद असाव्यात. सीसीटीव्ही असेल तर चित्रण किती दिवस राहते आणि ते कोण पाहू शकते, हे विचारा. कॅमेरा घटना घडून गेल्यावर पुरावा देतो, पण त्या क्षणी मुलाजवळ माणूसच लागतो.

बसच्या बाबतीत शाळेची असो की बालरथ, बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पिवळा रंग, पुढे-मागे शाळेची बस असल्याची अक्षरे, शाळेचे नाव आणि फोन नंबर, खिडक्यांना आडव्या सळ्या, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, वेगमर्यादक आणि मुलांसोबत मदतनीस. अग्निशामकावरच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा. सकाळी सर्वांत आधी चढणारे आणि संध्याकाळी सर्वांत शेवटी उतरणारे मूल काही वेळ एकटेच असते. ते तुमचे असेल तर त्या वेळी मदतनीस गाडीत असतेच ना, याची खात्री करा. चालकाने मुलाला पुढच्या सीटवर बसवण्याची सवय लावली असेल तर ती मोडायला सांगा.

माध्यान्ह आहार गोव्यात बऱ्याच ठिकाणी महिला स्वयंसाहाय्य गट पुरवतात. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे. वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखून त्याची नोंद ठेवायची असते. ती वही पाहायला मागा. एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने आठवडाभराच्या सह्या दिसल्या तर पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय काढा.

पावसाळ्यात आणखी एक फेरी मारा. गळणारे छत, ओल धरलेली वायरिंग, कलंडलेली चिऱ्यांची कुंपणभिंत आणि झाकण नसलेली विहीर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच नजरेस येतात.

३. शाळेला द्यायची कागदपत्रे आणि माहिती

प्रवेशासाठी जन्मदाखला, आधारकार्ड, आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि फोटो एवढे बरोबर ठेवा. दाखला महाराष्ट्रातून किंवा कर्नाटकातून यायला उशीर होत असेल तर घाबरू नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला, दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट लिहिले आहे. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा.

प्रवेश अर्जात नसलेला, पण तुम्ही स्वतः द्यावा असा एक कागद आहे. साध्या पानावर पुढील माहिती लिहा, खाली सही करा आणि एक प्रत शाळेच्या पोचेसह स्वतःजवळ ठेवा:

- मूल न्यायला येऊ शकणाऱ्या दोन-तीन व्यक्तींची नावे, नाते, फोन आणि फोटो. त्याशिवाय कोणालाही मूल देऊ नये, हे वाक्य ठळक लिहा.
- आईवडील विभक्त असतील आणि ताब्याचा न्यायालयीन आदेश असेल तर त्याची प्रत. आदेश हाती नसताना शाळा एका पालकाला अडवू शकत नाही.
- दमा, अपस्मार, खाण्याची किंवा औषधाची ॲलर्जी. नेहमीचे औषध आणि त्याची मात्रा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
- तुम्ही दोघेही पाळीवर असाल आणि फोन लागत नसेल, तर गोव्यातच राहणाऱ्या तिसऱ्या माणसाचा नंबर. गावच्या आजोबांचा नंबर इथे उपयोगाचा नाही. ते सावंतवाडीहून निघून पोचेपर्यंत मूल इस्पितळात एकटे असेल.

४. पहिले काही महिने घरी काय पाहायचे

नव्या शाळेत मूल थोडे गप्प होणे, कोकणी समजत नाही म्हणून रडणे हे होते आणि महिन्या-दीड महिन्यात ओसरते. काळजीचे बदल वेगळे असतात: एका विशिष्ट वारी किंवा विशिष्ट तासालाच पोट दुखणे, बसने जायला नको, पण शाळा चालते, घरी येईपर्यंत लघवी दाबून धरणे, अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, न सांगता पैसे किंवा वस्तू येणे अथवा जाणे, मोबाईल हातातून काढला की घाबरणे. यातली कुठलीही खूण एकटी काही सिद्ध करत नाही. पण तारीख-वार टाकून वहीत लिहून ठेवा. तीन आठवड्यांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की कोणता तास, कोणती जागा, हे बरेचदा आपोआप दिसते.

"आज शाळेत कसे होते?" या प्रश्नाला "बरे" हेच उत्तर मिळते. "आज मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होतास?", "बसमध्ये शेजारी कोण बसले?" असे विचारा.

५. मुलाने काही सांगितले तर

सगळ्यात जास्त गोष्टी इथेच बिघडतात, आणि त्याही मायेपोटी. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मूल बोलू लागले की हातातले काम ठेवा, खाली बसा, ऐका. चेहऱ्यावर संताप येऊ देऊ नका. मुलाला तो स्वतःवरचा वाटतो आणि ते तिथेच थांबते. त्याला एवढेच सांगा: "तू सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता हे मोठ्या माणसांचं काम आहे." "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही, आणि मोडले की मूल पुन्हा बोलणार नाही.

प्रश्न मोजके विचारा: काय झाले, कुठे, कधी, कोण होते. "त्याने इथे हात लावला का?" असे उत्तर तोंडात देणारे प्रश्न टाळा. आईने विचारले, मग बाबांनी, मग काकूने, मग बाईंनी, असे पाच वेळा सांगायला लावले की मूल थकते, तपशील मागे-पुढे होतात, आणि पुढे न्यायालयात तोच फरक मुलाविरुद्ध वापरला जातो. मूल झोपल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा. मुलाने वापरलेला शरीराचा शब्द बदलून शुद्ध करू नका. तारीख, वेळ घाला, खाली सही करा.

लैंगिक स्वरूपाचे काही असेल तर पोक्सो लागू होतो. मूल म्हणजे अठरा वर्षांखालील कोणीही, मुलगा किंवा मुलगी. असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "प्रत्येकाने" यात शिक्षक, समुपदेशक, डॉक्टर सगळे आले. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाविषयीची माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणूनच "आधी आमची चौकशी होऊ द्या, मग बघू" हे शाळेचे म्हणणे कायद्यात बसत नाही. शाळेचे काम कळवण्याचे, खरेखोटे ठरवण्याचे काम पोलीस आणि न्यायालयाचे. तुमच्यावरही काही सिद्ध करायचे ओझे नाही. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, असे कायदाच सांगतो.

"प्रकरण मिटवून टाका, मुलीचे नाव खराब होईल" असे सांगायला शेजारी, गावचे पंच, कधी शाळेचे विश्वस्तही घरी येतात. पोक्सोचा गुन्हा दोन घरांना आपसांत मिटवता येत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धचा गुन्हा पालकांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो निर्णय फिरवला. नावाची भीती असेल तर ऐका: मुलाची ओळख उघड होईल असे काहीही छापणे, दाखवणे हा गुन्हा आहे. नाव, पत्ता, फोटो आणि शाळेचे नावसुद्धा त्यात येते.

तीच गोष्ट तुमच्या हातातल्या मोबाईलची. मुलाचे आक्षेपार्ह चित्र किंवा व्हिडिओ सापडला, तर "बघा काय चालले आहे" म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. पुढे पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नुसते साठवून ठेवणेही तुम्हाला अडचणीत आणू शकते. फोन बंद न करता, काही न पुसता तसाच पोलिसांकडे द्या.

६. पोलीस आणि इस्पितळ

तातडी असेल तर ११२. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो मराठीत बोलूनही वापरता येतो, आणि नाव न सांगताही.

शारीरिक इजा किंवा लैंगिक अत्याचार असेल तर इस्पितळाला उशीर करू नका. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ किंवा मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल तिथे जा. आधी गुन्हा नोंदवून या, असे इस्पितळ म्हणू शकत नाही. तातडीचे उपचार कागदाविना आणि मोफत द्यायचे असतात, खासगी इस्पितळानेसुद्धा. मुलाला आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका. ते वर्तमानपत्रात किंवा कागदी पिशवीत ठेवा, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते आणि तुम्ही किंवा मुलीच्या विश्वासातली व्यक्ती सोबत राहू शकते.

पोलिसांकडे जाताना ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला आणि तुमची वही न्या. वय अठराखाली असल्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला उपयोगी पडतो. मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवायची गरज नसते. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत, तुमच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. रात्री कुठल्याही कारणाने मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही.

भाषेकडे विशेष लक्ष द्या. लेखन इंग्रजीत होण्याची शक्यता मोठी. मुलाला समजणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवणे, गरज असेल तर अनुवादक देणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. मुलाने न वापरलेले शब्द आत घुसले असतील तर तिथेच दुरुस्त करून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. हद्दीचा वाद काढला तर शून्य क्रमांकाने नोंद करून योग्य ठाण्याकडे पाठवता येते, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

यानंतर पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला, कळवायचे असते. समितीकडून तुमच्या संमतीने एक सहायक व्यक्ती मिळू शकते. ती तपासापासून खटल्यापर्यंत मुलासोबत राहते, तारखा सांगते, न्यायालय आधी दाखवून आणते. पुष्कळ पालकांना ही सोय आहे हेच माहीत नसते. कोणी दिली नाही तर समितीकडे लेखी मागा. मूल व महिला यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा.

७. मारहाण, चिडवणे, ऑनलाइन त्रास: कोणते दार?

प्रत्येक त्रास पोलिसांकडे न्यायचा नसतो, आणि प्रत्येक त्रास वर्गशिक्षकाकडे संपत नाही.

शिक्षकाने मारणे, उन्हात उभे करणे, जातीवरून किंवा भाषेवरून वर्गासमोर अपमान करणे या सगळ्याला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. गोव्याच्या बाल कायद्यानेही सर्व शाळांत शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. "शिस्तीसाठी एक चापट चालते" हे खरे नाही. वळ असतील तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवून केसपेपर घ्या. वळ दोन दिवसांत जातो, केसपेपर राहतो. मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, जागा, काय घडले, कोणी पाहिले, तुम्हाला काय हवे. पोचेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असे नंतर ऐकावे लागते. आठवडाभरात हालचाल नाही तर प्रत जोडून तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पर्वरीला शिक्षण खात्याकडे पाठवा. त्यापुढे गोवा राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. इजा गंभीर असेल तर ही शिडी चढत बसू नका, थेट पोलिसांत जा.

मुलामुलांतला त्रास बहुधा समुपदेशकाकडे सुटतो, पण एका अटीवर. त्रास देणाऱ्या आणि सोसणाऱ्या मुलाला समोरासमोर बसवून "हात मिळवा" असे करू नये. कमजोर मूल तिथे मान डोलावते आणि बाहेर पडल्यावर दुप्पट भोगते. दोघांशी वेगवेगळे बोलणे, बसण्याची जागा आणि बसची रांग बदलणे, मधल्या सुट्टीत तिथे एक शिक्षक उभा करणे याने फरक पडतो. नवीन आलेल्या मुलाला बोलीवरून चिडवले जाते, तिथे वर्गशिक्षकाने पहिल्या आठवड्यात एक चांगला सोबती जोडून दिला तरी पुष्कळ निभावते.

ऑनलाइन त्रासासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देता तक्रार करता येते. पैसे उकळले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

८. घराला काय आधार मिळतो

मुलाचा प्रश्न हाताळताना आईची रजा संपते, बापाची पाळी चुकते, झोप उडते. मदत मागायला संकोच करू नका.

गोव्याच्या योजनांत नवीन आलेल्यांची फसगत वास्तव्याच्या अटीमुळे होते. गृहिणींना दरमहा मदत देणाऱ्या गृह आधार योजनेला गोव्यात १५ वर्षांचे वास्तव्य लागते, आरोग्य विम्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला ५ वर्षांचे. कालच आलेल्या कुटुंबाने एजंटाला पैसे देऊन हे अर्ज भरू नयेत, ते फेटाळले जातात. त्याऐवजी वास्तव्याची अट नसलेल्या गोष्टी आधी घ्या: सरकारी व अनुदानित शाळांतला आठवीपर्यंतचा माध्यान्ह आहार, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत होणारी वार्षिक आरोग्य तपासणी, मोफत कायदेशीर मदत.

घरातला कमावता गेला असेल, आई विधवा किंवा परित्यक्ता असेल, पालकाला गंभीर आजार असेल, तर केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपयांपर्यंत हवे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा. मुलाचा जन्मदाखला, बोनाफाइड, मामलेदार कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा किंवा आजाराचा दाखला आणि बँक पासबुक लागते. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, म्हणून तो आधी काढायला टाका.

पोक्सोच्या प्रकरणात अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती विशेष मदतीची शिफारस करू शकते, आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्यात पैसे द्यायचे असतात. विशेष न्यायालय निकालाआधीही अंतरिम भरपाई देऊ शकते. दोन्ही मागावे लागते.

मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. बांबोळीला गोमेकॉच्या परिसराजवळ आयपीएचबी ही सरकारी मनोविकार संस्था आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. मुलाइतकीच आईला, बापाला झोपेची आणि बोलण्याची गरज असते. भावंडेही विसरू नका. घरात काय चालले आहे ते त्यांना कळत असते, फक्त त्यांना कोणी सांगितलेले नसते.

९. मूल पुन्हा वर्गात जाताना

परत जाण्याआधी मुख्याध्यापक, समुपदेशक आणि वर्गशिक्षक यांच्याशी एक बैठक घ्या आणि ठरलेले लिहून घ्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो कर्मचारी मुलाच्या वाटेत येणार नाही, याची व्यवस्था शाळेने करायची. मुलाचा वर्ग किंवा बस बदलून नव्हे. मुलाला मध्येच अस्वस्थ वाटले तर कोणाकडे जायचे ते एक माणूस ठरवा. बुडालेल्या अभ्यासाचे वेळापत्रक करा, आणि पहिल्या आठवड्यात चाचणी नको म्हणा. शाळा बदलायचीच असेल तर दाखला अडवून धरता येत नाही.

न्यायालयाच्या तारखांसाठी रजा लागेल. रजेच्या अर्जात "कौटुंबिक कारण" एवढेच लिहा. समन्सची प्रत दाखवायची वेळ आली तर ती फक्त मुख्याध्यापकांना दाखवा आणि परत घ्या. हजेरीपटात, शेऱ्यांच्या वहीत किंवा पालकांच्या गटावर प्रकरणाचा उल्लेख होऊ नये, हेही त्याच बैठकीत लिहून घ्या.